आत्याचा डावा हात

"आज जमलं तर जमलं, नाहीतर हा विषय बंद," आत्याने गाडीतून उतरतानाच बजावलं.

तिच्या पेटीने मान टाकली होती. मुलांच्या वॉर्डात नर्स असताना रडक्या पोरांसाठी रचलेल्या चाली आता फक्त तिच्या डोक्यात उरल्या होत्या. त्या माझ्याकडे, कोटांच्या कपाटात थाटलेल्या माझ्या स्टुडिओत रेकॉर्ड करायच्या, हा माझा हट्ट. पेटीऐवजी घ्यायच्या कीबोर्डांचा मी इतका अभ्यास केला की नवरा म्हणाला, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हतीस!"

वाद्यांच्या दुकानात मी तिला थेट सगळ्यात लांब कीबोर्डपुढे बसवलं. उजव्या हाताने चाल सुरू झाली आणि डावा हात सवयीने कीबोर्डच्या मागे गेला, पेटीचा भाता शोधत. मागच्या बासऱ्या खाली आल्या. दुसऱ्या कीबोर्डपुढे बसवलं, तर त्याच्यामागचा दिवा आडवा झाला. दुकानदार दिव्याकडे धावला, मी बासऱ्यांकडे, आणि हसू आवरेना.

"आत्या, जित्याची खोड गं!"

"हात आपणहून जातो, मी काय करू?"

मग ती डाव्या हातावर चक्क बसली. पण डावा थांबला की उजवाही चाल विसरायचा. दोनदा अडली आणि तिने पर्स उचलली. "चल घरी." माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

दुकानदार घाईने म्हणाला, "आजी, हा एक बघा. मागे भिंत आहे, पाडायला काही नाही."

कॉम्प्युटरला जोडलेला वीतभर कीबोर्ड. मी तो खेळणं म्हणून कधीच बाद केला होता.

आत्या वाजवू लागली. डावा हात मागे गेला, भिंतीवर आपटला आणि परत येताना डावीकडच्या छोट्या चाकावर पडला. सूर घसरला. हात उचलताच चाक जागेवर आलं, सूरही आला. आत्याने भाता मारल्यासारखं चाक हलवायला घेतलं आणि सगळी चाल दारू प्यायल्यासारखी झुलू लागली. दुकानदार हसून हसून काउंटरला टेकला.

आत्या मात्र हसत नव्हती. तिने फक्त एका जागी चाक अलगद ढकललं. ती जागा मी ओळखली. पेटीवर सूर असा वाहत नाही, म्हणून तिथे ती नेहमी थांबून गळ्याने गायची. गळा बसल्यापासून ती जागा रिकामीच जात होती.

आता तिथे सूर वाहिला. पाळण्यातून बाळ उचलून घ्यावं तसा.

मी रडत होते आणि हसतही होते. आत्या डाव्या हाताकडे टक लावून बघत होती.

"मेल्या," ती त्याला म्हणाली, "जन्मभर नुसता वारा घालत बसलास होय रे?"