एरंडेलातला रवा

जटलंडच्या खाडीकाठची ती जुनी शाळा पाडायची ठरली, तेव्हा विज्ञानाच्या खोलीतल्या शेवटच्या तासाला सिग्नेने बोडिलबाईंना आवर्जून बोलावलं. सिग्ने आता तिथे शिकवत होती. एके काळी ती आस्गर सरांची विद्यार्थिनी. सरांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"सरांचा रव्याचा प्रयोग करणार आहे. याच हं, बाई."

बाईंनी पिशवीत कपभर रवा घेतला. जुनी सवय.

पूर्वी बाई समोरच्याच खोलीत मुलींना स्वयंपाक शिकवत. दमट हवेत सरांच्या यंत्रातली घर्षणाची वीज टिकत नसे. त्यामुळे कोरडी थंडी पडून खाडी गोठली, की सर रिकामा कप घेऊन दारात हजर.

"बाई, कपभर रवा मिळेल?"

"खीर करताय की काय?"

"छे हो, एरंडेलात टाकतो."

"ती खीर खाल्ली तर आठवडाभर शाळेला सुट्टी गं!" मागून कुणीतरी म्हणे आणि मुली फिदीफिदी हसत. सरही हसत. मग कप घेऊन घुटमळत.

"बघायला या ना. तुमचाच रवा आहे. फार सुंदर दिसतो."

"दूध उतू जाईल, सर."

दर हिवाळ्यात हेच. दूध खरंच शेगडीवर असे, पण शेगडी बंद करायला कितीसा वेळ लागतो? बाईंना वाटे, माणसाला काही बोलायचंय तर सरळ बोलावं, कपाआडून कशाला? त्यात मुलींची कुजबुज वाढली. शेवटी एका हिवाळ्यात त्यांनी अख्खं पाकीटच सरांच्या हातात ठेवलं. "घ्या. सारखं यायला नको."

सर थँक्यू म्हणाले, आणि पुन्हा कधी आले नाहीत.

"अहो बाई, रवा कशाला आणलात?" सिग्ने हसली. "सरांनी केवढा साठवलाय! लागतो फक्त चिमूटभर." तिने कपाट उघडलं. डब्यांमागे डबे, सगळ्यांत रवा, जाळी धरलेला. अगदी मागे एक पाकीट होतं, तोंड न फोडलेलं.

"हे का ठेवलं असेल, कुणास ठाऊक."

बाईंनी पाकीट ओळखलं.

"चला, तुमचाच घेऊ. ताजा आहे."

काचेच्या पसरट भांड्यात एरंडेल, त्यात यंत्राला जोडलेले पितळेचे दोन गोळे, वर चिमूटभर रवा. प्रोजेक्टरवर ठेवताच भांड्याची सावली भिंतीवर मोठी होऊन पडली. सिग्नेने यंत्राचा दांडा फिरवला. कण क्षणभर तसेच पडून राहिले, मग शहारले, एकामागे एक उभे राहिले. एका गोळ्यातून निघालेल्या रेषा, मधल्या सरळ, कडेच्या वाकून वळसा घेणाऱ्या, दुसऱ्या गोळ्याशी पोचल्या.

"अय्या, विंचरल्यासारखं!" एक मुलगी म्हणाली.

"सुंदर," बाई म्हणाल्या आणि बाजूला वळून पाहिलं. बाजूची खुर्ची रिकामी होती.

दांडा थांबला. दाट तेलात रेषा थोडा वेळ तशाच राहिल्या, मग हळूहळू विस्कटल्या.

"पुन्हा फिरवू, बाई? की घाई आहे?"

"फिरव गं," बाई म्हणाल्या. "आता माझं कुठे दूध उतू जातंय!"