क्राकूव, चारही बाजूंनी

आमच्या सोनाळा गावात क्राकूव हे नाव आणलं संघपालने. सहदेवचा हा मुलगा पोलंडमधल्या त्या जुन्या शहरात नोकरीला लागला आणि तिथले व्हिडिओ बापाच्या फोनवर पाठवू लागला. सहदेव एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. फोन खिशातच असला तरी व्हिडिओ बघायला तो यायचा फकीर मोहम्मदच्या दुकानात. तिथे गाद्या भरल्या जायच्या आणि गप्पाही. दोघांची दोस्ती अशी, की भीमजयंतीची मिरवणूक दुकानासमोर आली की तिला सरबत फकीर मोहम्मदचं, आणि ईदचा शीरखुर्मा गावात सर्वांत आधी पोचायचा तो सहदेवच्या घरी.

सहदेव त्या शहराकडे वरवर बघायचा. फकीर मोहम्मद मात्र पार वेडा झाला. टेकडीवरचा राजवाडा, त्याखालच्या गुहेजवळ आग ओकणारा धातूचा ड्रॅगन, जमिनीखालची मिठाची खाण आणि तिच्यातलं मिठाचंच झुंबर, सगळं त्याला पाठ झालं. पण जीव जडला तो बिगूलवाल्यावर. तिथल्या चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस बिगूल वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो. फार पूर्वी शत्रू चालून आला तेव्हा पहारेकऱ्याने असंच बिगूल फुंकलं, त्याच्या गळ्यात बाण घुसला आणि सूर तिथेच तुटला, अशी तिथली गोष्ट. आयुष्यभर पाच वेळा अजान ऐकत आलेल्या माणसाला ते वेळेवर वाजणं फार पटलं. एकदा तरी त्या मनोऱ्याखाली उभं राहून ऐकायचं, असं त्याने ठरवलं, आणि गेलो तर दोघं सोबतच, असं सहदेवने आपणहून सांगितलं.

मग पासपोर्ट निघाले. फकीर मोहम्मदने दोघांसाठी कापूस भरलेल्या बंड्या शिवल्या, सहदेवची आधी. त्याची बायको बिस्मिल्ला हसून म्हणाली, की एवढी हौस तर लग्नातही नव्हती. व्हिसाची कामं संघपाल बघणार म्हणून फकीर मोहम्मदने आपले सगळे कागद सहदेवकडे देऊन टाकले. दिल्याची पावती मागावी, असलं नातंच नव्हतं ते.

पावसाळा सरता सरता सहदेव तोंड पाडून आला. व्हिसा नाही मिळाला, म्हणाला, दोघांनाही नाही. फकीर मोहम्मदला वाईट वाटलं, पण त्याने उलट सहदेवचीच समजूत घातली. मुलाला भेटायची आस त्याची जास्त, आपली नुसती हौस. पुढे दिवाळीनंतर सहदेव बायकोला, तानाबाईला घेऊन पुण्याला गेला. डोळ्याचं ऑपरेशन, पुतण्याकडे राहणार, डॉक्टरांनी फोन बंद ठेवायला सांगितलाय, असं कळवून गेला.

इकडे या भोळ्या माणसाच्या जिवाला घोर लागला. दर गुरुवारी तो गावाबाहेरच्या दर्ग्यावर चालत गेला, दोस्ताची नजर सलामत राहू दे म्हणून मन्नत मागितली. सहदेव काळा चष्मा लावून परतला तसा बिस्मिल्लाने मन्नत फळली म्हणून नियाजचा गोड भात शिजवला. सहदेव मांडी घालून जेवला. त्याने पुन्हा मागून घेतला, हे मला अजूनही खुपतं.

गोष्ट फुटली ती हिंमतरावांमुळे. ते लेकीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला आले होते. सहदेवही बसला होता, चष्मा आता गेला होता. बोलता बोलता फकीर मोहम्मद रंगात आला आणि बिगुलाची गोष्ट सांगू लागला. तासाला एकदा वाजवतो, म्हणाला, मग सूर तोडतो.

"एकदा नाही बे," सहदेव बोलून गेला. "चार दिशेले चार खिडक्या, चारदा वाजवते. आमच्या बाजूले शेवटी आला, तंवर वर पाहू पाहू मायी मान आखडली होती."

हिंमतराव हसले. त्यांना यात काही वावगं दिसलं नाही, ते गाद्यांचं माप सांगून निघून गेले. फकीर मोहम्मदच्या हातातली सुई मात्र कापडात तशीच राहिली. सहदेव खाली पडलेला कापूस उगाच गोळा करू लागला.

"पुण्यात मनोरा हाये का रे?" फकीर मोहम्मदने विचारलं.

सहदेवने मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑपरेशन झालंच नव्हतं. नवराबायको मुलाकडे जाऊन, सगळं शहर फिरून आले होते. तुझं मन मोडेल म्हणून खोटं बोललो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. फकीर मोहम्मदने ऐकून घेतलं. मला नकार आला, तुला व्हिसा मिळाला, एवढंच असतं तर तो रागावला नसता. त्याने स्वतः एसटी स्टँडवर जाऊन हार घातला असता.

"मले काऊन नाही म्हनलं व्हिसावाल्याइनं?"

सहदेवला खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "त्याइनं नकार देल्लाच नाही. तुये कागद आमी देल्लेच नाही. संघपाल म्हने, सोबत असं नाव पाह्यलं तर आपलंबी अडकन. मले वाटलं, खरं असन."

बाहेर जळगाव जामोदची बस थांबून गेली. फकीर मोहम्मदने कापडात अडकलेली सुई ओढून काढली. त्याच्या नावावरून आजवर कुणी काही बोललं नव्हतं असं नाही; पण बोलणारे परके असायचे, आणि तेव्हा सहदेव त्याच्या बाजूने अंगावर धावून जायचा. आता ती बाजूच उरली नव्हती. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"म्हंजे त्या देशानं मले पाह्यलंबी नाही," तो म्हणाला. "'नाही' तं त्वाच म्हनलं."

सहदेव गयावया करू लागला. पुढच्या साली दोघंच जाऊ, संघपालला आपण सांगतो, सगळा खर्च आपला.

"जाईन," फकीर मोहम्मद म्हणाला. "बिस्मिल्लाले घेऊन जाईन. माये कागद तेवढे आणून ठेव."

सहदेव घरी गेला आणि कागद घेऊन आला. फकीर मोहम्मदने ते घेतले, आत ठेवले आणि हिंमतरावांच्या गादीचं कापड फाडायला बसला. सहदेव दारात उभा राहिला. फकीर मोहम्मद 'बस' म्हणेल याची वाट पाहत तो बराच वेळ उभा होता, मग निघून गेला.