धुऊन टाकण्यासाठी जन्मलेली

मित्रांनो, कात्रीनं पोट कापलेली बाटली तुम्ही कधी पाहिली आहे का? ती मी. केसांच्या कंडिशनरची. तुमच्यापासून सातासमुद्रापार, बानी गावात मिरेयाबाईंच्या पार्लरमध्ये, बेसिनशेजारच्या फळीवर माझा मुक्काम.

कारखान्यात मला भरलं, झाकण लावलं आणि पाठीवर माझं नशीब छापलं: केसांना लावा, तीन मिनिटं थांबा, धुऊन टाका. संपलं. शाम्पूचा निदान फेस तरी होतो. मी गुपचूप बायकांच्या केसांतला गुंता सोडवायचे आणि जाळीतून गटारात जायचे. मग रोलर लागायचे, डोक्यावर ड्रायर यायचा, केस सुतासारखे सरळ व्हायचे. "मिरेया, जादू आहे गं तुझ्या हातात." जादू तिच्या हातात, नाहीतर ड्रायरमध्ये. माझं नाव कुणी घेतलं नाही.

मिरेयाबाईंची मुलगी योकास्ता लहानपणापासून दर शनिवारी त्या ड्रायरखाली बसायची. कान भाजायचे, पण बसायची. यंदा मात्र तिने ड्रायरच्या उष्णतेनं कायमचे सरळ झालेले केस कापून टाकले आणि खालून उगवलेले कुरळे तसेच ठेवले. कसले केस होते म्हणून सांगू! बट ओढून सोडली की टुणकन वर.

"पार्लरवालीची पोर आणि डोक्यावर घरटं," मिरेयाबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणू दे ना, आई. अंडी सापडली तर तळून देईन त्यांना."

न धुता केसांत ठेवायचं वेगळं क्रीम मिळतं, पण ते आई कशाला आणून देणार? म्हणून योकास्ताने मला हात घातला. वाटाण्याएवढीच घेतली, ओल्या तळव्यांवर चोळली आणि निथळत्या केसांत दाबली. मी नळाची वाट पाहत राहिले. नळ सुटलाच नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा गटाराऐवजी शाळेत गेले. उन्हात गेले, समुद्राच्या वाऱ्यात गेले. एकेक बट वेगळी, चमकदार.

"काय लावतेस गं?" शेजारच्या बाकावरच्या नोएलियाने विचारलं.

"घरचं गुपित आहे. फुकट नाही सांगणार."

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन फेब्रुवारीत; त्या दिवशी शाळेचं संचलन असतं. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीच्या हाती झेंडा. या वर्षी ती योकास्ता होती, आणि तिला तो आपल्याच केसांनिशी धरायचा होता.

"धर," आई म्हणाली. "पण एक जरी केस उभा दिसला, तर शनिवारपासून मुकाट ड्रायरखाली."

"कबूल."

त्या एका केसाच्या धास्तीनं घात केला. सकाळी वाटाणा विसरून तिने मूठभर घेतली मला, आणि वरून जेल थापलं. जेलचं नि माझं पटत नाही. पुरे, असं मला ओरडायचं होतं. पण बाटलीचं कोण ऐकतं?

ढोल सुरू झाले, ऊन चढलं, केस वाळले. मी आणि जेल मिळून पांढरे दाणे झालो आणि तिच्या निळ्या शर्टावर गळू लागलो.

"उवा झाल्यात का गं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. शेजारच्या मुली चटकन बाजूला सरकल्या.

"नाही बाई, कंडिशनर आहे."

"काय असेल ते. झेंड्याला लागेल."

झेंडा नोएलियाकडे गेला. तिचे केस सरळ, चकचकीत. आदल्याच दिवशी मिरेयाबाईंनीच केलेले. नोएलियाने खाली बघतच काठी धरली.

घरी मिरेयाबाई रागावल्या नाहीत. लेकीचं डोकं त्यांनी बेसिनमध्ये वाकवलं आणि मला बटेबटेतून धुऊन काढलं.

"आई, फक्त जास्त झालं होतं. पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ नाही." मग नळाच्या आवाजात हळूच, "तुला काय वाटतं, मला माझे कुरळे आवडत नव्हते?"

ड्रायर सुरू झाला. संध्याकाळी पार्लरमधल्या सगळ्या बायका म्हणाल्या, "आता कशी माणसात आली पोर." माझं माप चुकलं आणि शिक्षा केसांना झाली. थोडं कमी घे, एवढं कुणी म्हणालं नाही. असले केसच वाईट, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

आता शनिवारी योकास्ताच गिऱ्हाइकांची डोकी धुते. काल एक चिमुरडी आली, डोकंभर कुरळ्या बटा. मी संपत आले होते. योकास्ताने माझं पोट कापलं, बोटानं वाटाण्याएवढी खरवडली आणि सवयीनं ओल्या केसांत दाबली. बटा टुणकन वर आल्या.

आरशात बघत पोर म्हणाली, "ताई, असेच राहू दे ना."

योकास्ताची बोटं थांबली. मागे ड्रायर तापत होता. मग तिने नळ सोडला.

मित्रांनो, केसांवर राग काढण्याआधी हातात किती घेतलं, ते बघत जा. माझं काय, मी उद्या कचऱ्यात जाईन. 'धुऊन टाका' हे माझ्या पाठीवर छापलेलंच आहे. त्या पोरीच्या पाठीवर तर कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं.