मूठभर जास्तीची पावडर

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे, मित्रांनो. माझ्या पोटाला गोल काचेचं दार आहे. त्यातून आतलं सगळं बाहेर दिसतं, आणि माझ्या बहुतेक कटकटी तिथूनच सुरू झाल्या.

कारखान्यातून मला चांगलं शिकवून पाठवलं होतं. पाणी किती घ्यायचं, कपडे उचलून कसे आपटायचे, सगळं मला पाठ. साबण मात्र मला बेताचाच लागतो. कपडे एकमेकांवर घासले की मळ निघतो. फेस फार झाला तर ते गादीवर लोळल्यासारखे नुसते लोळतात आणि मळ जागच्या जागी राहतो. पण मशीनला विचारतो कोण?

मी या घरात आले तेव्हा माझं कोण कौतुक झालं! शेजारणी मला बघायला आल्या. घरात माणसं तीन: आजी, त्यांचा मुलगा आणि सून. सूनबाईंनी मला आपल्या ताब्यात घेतलं आणि आजींना प्रेमानं बजावलं, "आई, आता तुम्ही आराम करा. मशीनला हात लावू नका." आयुष्यभर साऱ्या घराचं धुणं हातानं धुतलेल्या आजी त्या दिवशी माझ्यासमोर स्टूल टाकून बसल्या आणि काचेतून आत बघू लागल्या.

"फेस कुठाय?" त्या पुटपुटल्या. "फेसाशिवाय कसलं धुणं?"

सूनबाई स्वयंपाकघरात गेल्यावर आजींनी माझा पावडरीचा खण ओढला आणि मूठभर पावडर आत टाकली. सूनबाईंनी आधीच माप काठोकाठ भरून टाकलं होतं, हे त्यांना कुठं ठाऊक? त्यात मुलाची तिसरीच तऱ्हा. त्याचं चष्म्यांचं दुकान, कॉलर स्वच्छ हवी. कॉलरीचा मळ निघत नाही म्हटलं तर बायको रागावेल, म्हणून तो सकाळी मळक्या कपड्यांत हात घालून कॉलरींवर गुपचूप पावडर भुरभुरायचा. तिघंही एकमेकांना न सांगता माझ्यात पावडर कोंबत होते. मला तर गुदमरायला व्हायचं.

हळूहळू टॉवेल पापडासारखे कडक झाले. त्यांना आंबूस वास येऊ लागला. मुलाच्या काळ्या पँटवर पांढरे ओघळ दिसू लागले आणि दुकानात बसून तो मान खाजवू लागला. तो गिऱ्हाइकाला चष्मा लावून विचारायचा, "स्वच्छ दिसतंय का?" आणि गिऱ्हाईक त्याच्या पँटकडे बघायचं. मी फेस काढून काढून थकायचे आणि मध्येच लाल दिवा लावून थांबायचे. कपडे स्वच्छ निघत नाहीत म्हणून तिघंही पावडर आणखी वाढवायचे. आगीत तेल ओततात तसं, मित्रांनो, माझ्यात पावडर.

शेवटी मुलगा म्हणाला, "ही म्हातारी झाली. काढून टाकू."

भंगारवाला आला. माझ्याभोवती फिरून म्हणाला, "चालत असेल तर कुणाला तरी देईन. नाहीतर मोटर वेगळी, पत्रा वेगळा. जरा चालवून दाखवा."

पत्रा वेगळा! माझा जीव भांड्यात पडायचा सोडून पार उडूनच गेला. मुलानं चारचौघांत शोभा नको म्हणून माझा खण धुऊन लख्ख केला. सूनबाईंनी दोरीवरचे धुतलेले टॉवेल आत टाकले आणि बटण दाबलं. परक्या माणसासमोर चोरून पावडर टाकायची कुणाची हिंमत झाली नाही. मी जीव तोडून फिरले. आणि बघता बघता काचेआड फेस चढला, थेट दाराच्या वरच्या काठापर्यंत.

"नुसती फिरवायची होती," भंगारवाला म्हणाला. "पावडर कशाला टाकली?"

"मी नाही टाकली," सूनबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघू लागल्या.

"मीही नाही. आज नाही."

"आज नाही म्हणजे?"

तो कॉलरीबद्दल बोलून गेला. मग दोघांनी आजींकडे पाहिलं. आजी पदराशी चाळा करत होत्या.

"मी आपली एक मूठ टाकायची," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं धुणं गेलं माझ्या हातचं. तेवढी मूठच राहिली होती."

खरं सांगते, माझा फिरता ड्रम क्षणभर जड झाला.

सूनबाईंनी तेच टॉवेल पुन्हा फिरवले, नुसत्या पाण्यात. टॉवेलांत साचलेला जुना साबण निघत गेला, फेस कमी कमी होत गेला. भंगारवाला माझ्याऐवजी घरातली एक मोडकी खुर्ची घेऊन हसत निघून गेला. मग सूनबाईंनी पावडरीचा डबा उचलून आजींच्या मांडीवर ठेवला.

"आई, यापुढे पावडर तुम्हीच टाकायची. फक्त अर्धं माप. आम्ही दोघं हात लावणार नाही."

मुलगा म्हणाला, "आणि माझी कॉलर?"

"ती टाकायच्या आधी ओली करून मी चोळून देईन," आजी म्हणाल्या. "आण इकडे."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. तिला पोटभर पावडर नको असते, मापात हवी असते. म्हणून टाकण्याआधी घरात एकदा मोठ्यानं विचारा, "कुणी टाकलीय का?" आणि घरातलं कुणी रिकाम्या हातानं तिच्यासमोर बसलेलं दिसलं, तर डबा त्यांच्या हाती द्या.