झाकण बसेना

मी एक जुनं लाकडी जहाज आहे, मित्रांनो, पण पाण्याशी माझा संबंध एवढाच, की खिडकीतल्या कुंडीला पाणी घालताना चार थेंब माझ्यावर उडतात. तेवढ्यानेही मला बुडायची धास्ती वाटते. माझा स्वभावच मुळी घाबरट.

मला एका सुताराने घडवलं. त्याच्या मुलीने समुद्रसहलींचं बुकिंग करून देणारं ऑफिस थाटलं, तेव्हा लेकीला भेट म्हणून. माझा एकेक मजला डब्याच्या झाकणासारखा उचलता येतो. आत बोटाएवढ्या लाकडी बाहुल्या आहेत: आई, बाबा, उंच मुलगा आणि बुटकी मुलगी. सगळ्यांत खाली लहानांचं खेळघर. "चिमुरड्यांना कशाला हवं उंच छत?" असं म्हणत त्याने ते मुद्दाम ठेंगणं ठेवलं.

ऑफिसात कुटुंबं आली की ही लेक, म्हणजे आमच्या ताई, मला उघडायच्या. या कंपनीच्या जहाजावर खेळघर कुठे, त्या कंपनीच्या कुठे, मोठ्या मुलांचा क्लब आईबाबांच्या खोलीपासून किती लांब, हे त्या बाहुल्या इकडून तिकडे ठेवून समजावायच्या. मुलांच्या माझ्यावर उड्या पडायच्या. काय कौतुक व्हायचं माझं! पुढे रंग उडाला. धुरांडं हरवलं, तिथे पेन्सिलीचा तुकडा आला. मग टेबलावर एक चकचकीत पडदा आला. बोट लावलं की त्यावर जहाजं उघडतात, बोट लावलं की मिटतात. "हे आता माळ्यावर टाकायला हवं," ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

त्याच आठवड्यात एक कुटुंब आलं. आई, बाबा, आठवीतला दादा आणि पहिलीतली छोटी. आईबाबा पडद्याला चिकटले. छोटीने गप्प बसावं म्हणून मला उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं गेलं. दादा मला एका हाताने धरून बसला होता, नजर मात्र पडद्यावर.

"लहानांकडे बघायला कुणी असतं ना हो?" आईने विचारलं. "आमची ही म्हणजे रडूबाई आहे."

"असतं की. आणि दादासाठी वरच्या मजल्यावर वेगळा क्लब. गाणी, खेळ, नवे मित्र. आईबाबांना तिथे पाऊल टाकायची परवानगी नाही!"

"मग ठरलं, हेच जहाज!" बाबा म्हणाले. "त्या दुसऱ्या कंपनीकडे साधी घसरगुंडीसुद्धा नाही. काय दादासाहेब, चालेल ना?"

"चालेल," दादा म्हणाला.

तसं म्हणताना त्याची बोटं माझ्या काठावर घट्ट आवळली गेली. ती घामेजली होती आणि गार पडली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. भीती कशी असते हे मला कुणी सांगायला नको. पण लाकडाला वाचा कुठली?

"चला, जहाज मिटूया," म्हणत ताईंनी माझा मजला खाली ठेवला. तो बसेना. त्यांनी दाबला. माझे जुने सांधे करकरले. आता माझे तुकडे होणार, नक्की होणार!

"लाकूड फुगलं वाटतं. टाकायलाच झालंय हे," असं म्हणून त्या पुन्हा जोर लावणार, तोच छोटी किंचाळली, "थांबा! दादा आत आहे!"

ताईंनी मजला उचलला. ठेंगण्या खेळघरात बुटक्या मुलीशेजारी उंच मुलगा उभा होता.

"अगं वेडाबाई, दादाची जागा वर आहे," आई हसली.

"वर तो एकटाच राहील. नव्या शाळेतपण तो एकटाच डबा खातो. मी रोज बघते. म्हणून मी त्याला माझ्याजवळ घेतलं."

"गप गं," दादा पुटपुटला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

बाबांनी पडद्याकडे पाठ केली. "खरं का रे? मग चालेल कशाला म्हणालास?"

"तुम्ही एवढे खूश होता..."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची दादाजवळ ओढली. मग ते म्हणाले, "ताई, दोघांना एकत्र राहता येईल असं काही आहे का?"

"ते दुसऱ्या कंपनीचं. सगळ्या वयाच्या मुलांना मिळून एकच मोठी खोली. आईबाबांनीही येऊन बसावं. पण घसरगुंडी नाही हं."

"घसरगुंडी बाबांनाच हवी होती," दादा म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

त्याने दोन्ही बाहुल्या बाहेर काढल्या, माझ्या उघड्या डेकवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मजला हलकेच टेकवला. तो अलगद बसला.

माळ्याचा विषय ताईंनी अजून तरी पुन्हा काढलेला नाही. मला मात्र रोज घोर लागलेला असतो. पडद्यावरची जहाजं कधी अडत नाहीत. माझं झाकण कधी अडलंच, तर मित्रांनो, कृपा करून जोर लावू नका. आधी उचलून बघा. आत कुणीतरी 'चालेल' म्हणून गप्प उभं असेल.