शांत झोपलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. एरवी मी माझी गोष्ट ऐटीत, सावकाश सांगितली असती, पण आज मला घाई आहे. का, ते पुढे कळेलच.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझे डोळे उघडले ते या दवाखान्याच्या जिन्याखालच्या कपाटात. इमारतीतली प्रत्येक गोष्ट माझ्यातून पुढे जाते. त्यात सगळ्यांत अवजड व्हिडिओ. म्हणून कॅमेरा तो दाबून लहान करतो: मधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतो, आणि एरवी फक्त जेवढं बदललं तेवढंच. त्याची बारीक बारीक पुडकी माझ्याकडे येतात. गर्दी झाली की कुणाला आधी सोडायचं, कुणाला थांबवायचं आणि कुणाला टाकून द्यायचं, हे मी बघतो. म्हणजे मला सांगून ठेवलेलं असतं तसं.

मला बसवणाऱ्या इंजिनिअर बाईंनी एक वाट राखून ठेवली होती. शेवटच्या खोलीत संसर्ग झालेले रुग्ण असतात. तिथे सारखं आत जाता येत नाही, म्हणून सिस्टर बाहेरच्या पडद्यावर लक्ष ठेवतात. काहीही झालं तरी त्या खोलीचं चित्र आधी पोचेल, अशी हमी मी दिली होती. तरीही बाईंनी जाताना कॅमेऱ्यासमोर, एसीच्या झोतात एक कागदी भिरभिरं लावलं. मला चांगलाच राग आला. माझ्यावर एवढाही भरवसा नाही?

"पुडकी पोचली नाहीत, तर पडदा जुनंच चित्र दाखवत राहतो," त्या मोठ्या सिस्टरना म्हणाल्या. "पेशंट शांत झोपलाय की चित्रच थांबलंय, ते कळत नाही. पडद्यावरचं भिरभिरं थांबलं की पळत जा."

एकदा माझी वायर सैल झाली. भिरभिरं थांबलं, सिस्टर धावल्या. आत दाखल असलेल्या एका ड्रायव्हरकाकांचा ऑक्सिजनचा मास्क गळून पडला होता. ते वाचले. त्या आठवड्यात माझ्यावरची धूळ पुसली गेली, आणि माझा रुसवाही गेला.

मग दिवस पालटले. दवाखान्याच्या साहेबांची ऑनलाइन मीटिंग अडखळायची, म्हणून त्यांना राखीव वाट हवी झाली. मग हिशेबाच्या खोलीला, मग कॅन्टीनच्या टीव्हीला. नाही कुणाला म्हणायचं? नव्या तंत्रज्ञाने सगळ्यांनाच पहिला नंबर देऊन टाकला. सगळेच पहिले, मग माझी हमी कुठे उरली? पण निदान भिरभिरं होतं.

आज नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी सकाळी फेरी मारली आणि हा काय पोरखेळ, असं विचारलं. भिरभिरं ड्रॉवरमध्ये गेलं. मोठ्या सिस्टर रजेवर आहेत. नव्या सिस्टरना ते कशासाठी होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या खोलीत आता एक आजी आहेत. झोपेत मास्क ओढून काढायची त्यांना खोड आहे. म्हणून त्यांची लेक सकाळपासून पडद्यासमोरून हललेली नाही.

मघाशी सोहळा सुरू झाला. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक फोनवर तो दिसतो आहे. माझ्यात पाय ठेवायला जागा नाही. नेमून दिल्याप्रमाणे मी पुडकी टाकून देतो आहे, आणि त्यात शेवटच्या खोलीचीही आहेत.

"बघा ना, आई आज पहिल्यांदाच इतकी शांत झोपलीय," लेक म्हणाली.

"झोपू द्या त्यांना," नव्या सिस्टर म्हणाल्या. "तुम्हीही जरा चहा घेऊन या."

मित्रांनो, माझा केशरी दिवा केव्हाचा लुकलुकतो आहे, पण कपाटाला बाहेरून कुलूप आहे. मला फार भीती वाटते आहे. तुमचं माणूस पडद्यावर फार वेळ शांत दिसलं, तर कौतुकाने बघत बसू नका. उठा, आणि दार उघडून बघा. कारण त्या खोलीचं जे शेवटचं पुडकं मी टाकून दिलं, त्यात एवढाच बदल होता: आजींचा एक हात उचललेला होता, मास्कच्या दिशेने.

लेक चहाला निघाली आहे.