सोफाकाकूंची गादी

"काकू, ही गादी आहे की मासोळी? पोरं घसरतायत नुसती," बालवाडीच्या बाई म्हणाल्या.

खरंच घसरत होती. मखमल, रेक्झिन, गोणपाट, लोकर असे तुकडे जोडून सोफाकाकूंनी ती गादी शिवली होती. दुमडली की बोगदा, उभी केली की घर, पसरली की लोळायची जागा. जन्मभर नवऱ्याने कापून दिलेल्या कापडाचे सोफे शिवले. स्वतःच्या डोक्यातून आलेलं हे पहिलंच काम. मुलं रमली तर गादी इथे राहणार, नाही तर आल्या टेम्पोने परत.

चिल्लीपिल्ली चढली, घरंगळली आणि चपलांशी खेळायला निघून गेली.

"मी म्हणत होतो," काका बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले होते. "पोरांना वाटी-चमचा दिला की भागतं."

"तुमचं भागतं अजून. सगळे तसे नसतात."

काकूंनी गादीवरून हात फिरवला. हाताला काही लागलंच नाही. सोफ्याची सवय नडली होती: शिवण लपवायची, कापड ढोलासारखं ताणायचं. बिचारं गोणपाटसुद्धा पाहुण्यांपुढे बसवल्यासारखं गप्प होतं.

त्यांनी कात्री काढली आणि कडेची शिवण उसवली.

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. ते टोक धरा."

स्पंज बाहेर निघाला, खोळ उलटी झाली, स्पंज पुन्हा आत गेला, सैलसर. आता वर शिवणींचे उंचवटे होते, कापडाच्या दशा होत्या, लोंबत्या पट्ट्या होत्या.

"ही तर उलटी बाजू," बाई म्हणाल्या.

"हो. कारागिराशिवाय कुणी बघत नाही ती."

आधी एक मुलगी आली, पोट पुढे काढून. तिने उंचवट्यावर बोट फिरवलं, मूठभर दशा धरल्या आणि वर चढली. मग रांगच लागली. बोगद्याच्या एका तोंडातून डोकी, दुसऱ्यातून पाय. कुणाचं काय ते कळेना. एक जण गोणपाटावर गाल घासायचा, थांबून हसायचा, पुन्हा घासायचा.

"राहू दे ही इथेच," बाई म्हणाल्या. "आणि शेजारच्या वर्गाला अजून एक. कापून काकाच देतील ना?"

"देतील. मी सांगेन तसं."

मुलं खाऊ खायला गेली. सुट्या पट्ट्या कुणी ओढून तोंडात घालू नयेत म्हणून काका सुईदोरा घेऊन घोट्यांपर्यंत बोगद्यात शिरले. बाहेर नुसते मोजे दिसत होते.

"अगं," आतून आवाज आला, "ही पट्टी किती सैल ठेवू?"

काकू दुसऱ्या तोंडातून वाकल्या. "पोरांच्या मुठीत मावेल एवढी."